दाजीबा, कोंबडी आणि आमच्या गल्लीतली हळद



मी मुंबईहून, जोगेश्वरी पूर्वेतून बोलतेय. इथं मेघवाडीच्या बाजूच्या चाळींमध्ये आमचे बचत गट आहेत, त्यांचं समन्वयाचं काम मी करते. एरवी मला रेडिओवर बोलावतात ते हप्ते, नोंदवही आणि बँकेची पासबुकं यांवर बोलायला. या वेळी रेडिओवरच्या ताई म्हणाल्या, "आज हिशेब नको. तुमच्या बायका कशावर नाचतात ते सांगा." मी म्हटलं, "ताई, आमच्या बायका कशावरही नाचतात. पण कुणाच्या गाण्यावर नाचतात हे विचाराल, तर एकीलाही नाव सांगता येणार नाही."

आणि हे खरंच आहे. बोलायचं ठरल्यावर मी आमच्या एका गटाच्या बैठकीत विचारलं. 'ऐका दाजीबा' कुणी म्हटलंय? एक म्हणाली, ती मिलिंद गुणाजीबरोबरची मुलगी. 'कोंबडी पळाली' कुणाचं? सगळ्या एका सुरात: क्रांती रेडकर! हळदीला लागतं ते 'गुलाबाची कळी'? इथं दोन-तीन नट्यांची नावं आली. मग मी सांगितलं की बायांनो, ही तिन्ही गाणी एकाच बाईच्या गळ्यातली आहेत. वैशाली सामंत तिचं नाव. त्यावर एक आजी म्हणाल्या, "ती होय? ती लहान पोरांच्या गाण्याच्या कार्यक्रमात खुर्चीवर बसायची ती?" तीच. 'सा रे ग म प'च्या लिटिल चॅम्प्सला २००८-०९ साली अवधूत गुप्ते आणि ती परीक्षक होते. कार्तिकी, आर्या, मुग्धा, प्रथमेश आणि रोहित ही पोरं तेव्हा घराघरांत माहीत होती. तेव्हा तिचा चेहरा आपण रोज बघितला, पण तिचा आवाज आपल्या घरात त्याच्या कितीतरी आधी आला होता.

तो कसा आला ते सांगते. त्यात माझी एक थोबाडीत आहे, म्हणून मला ते साल चांगलं लक्षात आहे.

२००२ च्या सुमाराला 'ऐका दाजीबा' आलं. मी नववीत होते. तेव्हा मराठी गाणं म्हणजे एकतर सिनेमातलं, नाहीतर भावगीत, भक्तिगीत, लावणी, नाहीतर कोळीगीत. आमच्याकडे कोळीगीतं फार. वेसावे आमच्यापासून जवळ, समुद्राच्या बाजूला. तिथल्या 'वेसावकर आणि मंडळी'च्या कॅसेट प्रत्येक लग्नात वाजायच्या. आनंद शिंदे यांच्या 'नवीन पोपट'च्या कॅसेटनं आमच्या आधीच्या पिढीला नाचवलं होतं. पण ही झाली वरातीची गाणी. टीव्हीवर, त्या पॉप गाण्यांच्या चॅनलवर, जिथं १९९५ साली अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' लागायचं, तिथं मराठी काही लागेल असं आम्हाला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

हे जरा समजावून सांगते. परदेशात गायक-गायिका एकेक गाणं वेगळं बाजारात आणतात, त्याला सिंगल म्हणतात. गाणं सिनेमावर अवलंबून नसतं. आपल्याकडे उलटं होतं. सिनेमा चालला तर गाणं चाललं. नव्वदीच्या दशकात हिंदीत हे बदललं. अलिशा, दलेर मेहंदी, यांची सिनेमाशिवायची गाणी आली आणि प्रत्येकाबरोबर एक छोटा व्हिडिओ. मराठीत त्या वाटेनं जाऊन गाजलेलं गाणं म्हणजे 'ऐका दाजीबा'. संगीत अवधूत गुप्ते यांचं, कॅसेट सागरिका कंपनीची, आणि आवाज वैशाली सामंत यांचा. त्याच्या आदल्याच वर्षी 'लगान' आला होता. त्यातल्या 'राधा कैसे न जले'मध्ये आशा भोसले आणि उदित नारायण यांच्याबरोबर तिसरा आवाज तिचाच होता. पण तो कुणाच्या ध्यानात राहणार? समोर आशाताई असताना!

'दाजीबा' मात्र तिचं स्वतःचं. दाजी म्हणजे बहिणीचा नवरा, हे तुम्हाला सांगायला नको. आपल्या जुन्या लावण्या-गाण्यांत दाजीबाला हाक मारायची रीत आहेच. घरात दाजी आले की आपण पदर सावरतो, चहा ठेवतो, आणि गाण्यात त्याच दाजीला बाई मोकळेपणी चार गोष्टी सुनावते. गाण्याच्या नावातच बाई म्हणतेय, ऐका! मला तेव्हा हे कळत नव्हतं. मला फक्त तो ठेका कळत होता, आणि तो आवाज.

त्या आवाजाबद्दल थोडं बोलायचंय. मी काही गाणं शिकलेली नाही, पण कान आहेत. लहानपणापासून आम्ही ऐकलेला बाईचा आवाज म्हणजे बारीक, गोड, उंच. देवळातल्या घंटीसारखा. वैशाली सामंत यांचा आवाज या गाण्यांत वेगळा लागतो. मोकळा, जरा ठसकेबाज, गल्लीच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारल्यासारखा. पाण्याच्या नळावर आमच्या चाळीतल्या बायका जशा बोलतात तसा. आम्हाला घरात सतत सांगितलेलं असायचं, हळू बोल, आवाज चढवू नको, शेजारी ऐकतील. आणि ही बाई टीव्हीवर तोच चढलेला आवाज लावून गात होती आणि लोक पैसे देऊन कॅसेट घेत होते.

तर ती थोबाडीत. गणपतीत आमच्या गल्लीच्या मंडळानं कार्यक्रम ठेवला होता. पोरींचा नाच असायचा, पण देवाच्या गाण्यावर नाहीतर फार तर कोळीगीतावर. आम्ही चौघींनी 'दाजीबा' बसवलं. समोर खुर्च्यांवर मंडळी बसलेली, त्यात माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आईचे सख्खे दाजी! गावाहून गणपतीला आले होते. मी बोट कुठं दाखवलं असेल सांगा. दाजी खो-खो हसले. त्यांनी शंभराची नोटही काढली. घरी आल्यावर आईनं एक ठेवून दिली. म्हणाली, चार माणसांत नाचायला तू काय तमाशातली आहेस?

मला मार लागला त्याचं काही नाही, पण ते 'तमाशातली' माझ्या मनात बरीच वर्षं राहिलं. म्हणजे नाचणारी बाई वेगळी आणि घरातली बाई वेगळी. मधे भिंत. आणि गंमत म्हणजे माझी आई स्वतः नाचायचीच. आमचं मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. तिथं गौरीला रात्र-रात्र फुगड्या, झिम्मा, गाणी. आईची बस-फुगडी बघायला शेजारच्या वाडीतल्या बायका यायच्या. देशावर भोंडला, मंगळागौर, जात्यावरच्या ओव्या, हळदीचा घाणा भरताना म्हणायची गाणी. आपल्या बायका कधी नाचल्या-गायल्या नाहीत असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं. पण ते सगळं दाराआड, किंवा अंगणात, बायका-बायकांत. पुरुषांनी बघायचं नाही. लग्नाची वरात आठवा. पुढं बॅन्ड, त्याच्यापुढं पुरुष शर्ट ओले होईपर्यंत नाचतायत, आणि मागं बायका साड्या सांभाळत, करवल्या कलश सांभाळत, चालतायत. आम्ही लहान असताना वरातीत बाई नाचली तर दुसऱ्या दिवशी नळावर तिचंच नाव असायचं.

ही वरात बदलली ती माझ्या डोळ्यांदेखत. एका गाण्यानं बदलली असं मी म्हणणार नाही. शाळा, नोकऱ्या, टीव्हीवरचे नाचाचे कार्यक्रम, मोबाइल, सगळ्यांचा हातभार आहे. पण आमच्या भागात कुठल्या गाण्यावर बायका पहिल्यांदा पुढं आल्या असं विचाराल तर मी सांगेन, 'कोंबडी पळाली'.

२००६ साली 'जत्रा' नावाचा सिनेमा आला. दिग्दर्शक केदार शिंदे, संगीत अजय-अतुल, या गाण्याचे शब्द जितेंद्र जोशी यांचे, गायला आनंद शिंदे आणि वैशाली सामंत. पडद्यावर भरत जाधव आणि क्रांती रेडकर. बघा, 'नवीन पोपट'वाले आनंद शिंदे आणि 'दाजीबा'वाली वैशाली, दोन पिढ्यांची नाचाची गाणी एकाच गाण्यात आली. आनंद शिंदे म्हणजे प्रल्हाद शिंदे यांचे चिरंजीव. तो भरदार आवाज आणि समोर हिचा ठसका. हे गाणं आलं आणि लहान पोरं, म्हाताऱ्या, सगळेच नाचायला लागले. का? मला वाटतं, कारण गाण्याचं नावच कोंबडी. कोंबडीवर नाचायला कुणाला लाज? हात पंखांसारखे केले, मान हलवली, झालं. आधी मुलांना नाचवायला आई उठते, मग पोर कंटाळून जातं आणि आई नाचतच राहते. असं मी कितीतरी वेळा बघितलंय. पोराचं निमित्त.

आता याच गाण्यावरून आमच्या गटात झालेलं भांडण सांगते. २०१३ चा ८ मार्च. मी नवीनच कामाला लागले होते. महिला दिनाला समाजमंदिराच्या हॉलमध्ये गटांचा कार्यक्रम. बायकांनी नाचाची यादी दिली, त्यात दोन गटांची गाणी: एकीचं 'कोंबडी पळाली' आणि दुसरीचं 'चिकनी चमेली'. तुम्हाला माहीत असेल, 'अग्निपथ' हा हिंदी सिनेमा २०१२ च्या जानेवारीत आला, त्याचंही संगीत अजय-अतुल यांचं, आणि त्यांनी आपल्याच कोंबडीची चाल चमेलीला दिली. गायली श्रेया घोषाल, नाचली कतरिना कैफ. तर आमच्या ज्येष्ठ बायका म्हणाल्या, कोंबडी चालेल, चमेली चालणार नाही. तरुण सुना म्हणाल्या, अहो चाल तीच आहे! ठेका तोच! मग का नाही?

एक तास भांडण. कर्जाच्या व्याजावरून आमच्यात एवढं भांडण झालेलं नाही. मी त्या वेळी बीए होऊन नवी नवी, मला वाटलं ज्येष्ठ बायका मागासलेल्या. आज वाटतं, त्यांचं सगळं नाही पण थोडं बरोबर होतं, फक्त त्यांना ते सांगता येत नव्हतं. 'जत्रा'त भरत जाधव आणि क्रांती रेडकर दोघं बरोबरीनं नाचतात, दोघंही घामाघूम, दोघंही चेष्टेत. 'अग्निपथ'मध्ये एक बाई नाचते आणि भोवतीचे पुरुष बघतात. चाल तीच, पण एकीकडे तुम्ही नाचताय आणि दुसरीकडे तुम्हाला बघितलं जातंय. त्यातल्या एक काकू शेवटी एवढंच म्हणाल्या, "कोंबडीवर मी नाचते तेव्हा मला मजा येते. त्या दुसऱ्यावर नाचले तर मजा बघणाऱ्याला." मी ते तेव्हा हसण्यावारी नेलं.

अर्थात कोंबडीचे शब्द काही देवघरातले नाहीत. छेडाछेडी त्यातही आहे. आणि कतरिनाच्या गाण्यावर स्वतःच्या मजेनं नाचणाऱ्या सुनाही मी बघितल्यात, त्यांना कुणाच्या नजरेची पर्वा नव्हती. त्यामुळे यात नियम करायला मी जात नाही. त्या वर्षी शेवटी दोन्ही गाणी झाली. चमेलीच्या वेळी ज्येष्ठ मंडळी चहा प्यायला बाहेर गेली, आणि दारातून बघत उभी राहिली.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं सांगत आले.

आमच्या एका गटात एक मावशी आहेत. नाव नाही सांगत, त्यांनीच सांगितलंय की गोष्ट सांग, नाव नको. घरगुती डबे करतात. नवरा वारल्याला दहा-अकरा वर्षं झाली. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा गटातून त्यांनी तीस हजार उचलले, मंडप आणि जेवणासाठी. आदल्या दिवशी संध्याकाळी गल्लीत हळद. मुंबईत हळद म्हणजे आता लग्नाइतकाच मोठा कार्यक्रम. मंडप, पिवळ्या साड्या, स्पीकर. आणि २०१५ पासून एक गाणं ठरलेलं: 'गुलाबाची कळी'. 'तू ही रे' या मराठी सिनेमातलं, हळदीचंच गाणं, वैशाली सामंत आणि ऊर्मिला धनगर यांच्या आवाजातलं. हे गाणं लागल्याशिवाय आमच्याकडे नवरीला हळद लागत नाही, असं म्हटलं तरी चालेल. पूर्वी आज्या घाण्याची गाणी म्हणायच्या, त्या जागी आता हे.

गाणं लागलं. पोरी नाचतायत, नवरीला गालावर हळद. आम्ही गटाच्या बायका पुढच्या रांगेत. आणि मावशी कुठं? आत, स्वयंपाकघरात. मी दारात जाऊन म्हटलं, "मावशी, चला की बाहेर." त्या म्हणाल्या, "गॅसवर भात आहे गं."

मैत्रिणींनो, भात गॅसवर नव्हता. तो मीच दहा मिनिटांपूर्वी उतरवून ठेवला होता. मला माहीत होतं, मावशींना माहीत होतं की मला माहीत आहे. हळदीत विधवेनं पुढं यायचं नाही, नवरीला हात लावायचा नाही, हे आम्ही कुणी बोललो नव्हतो. बोलावं लागतच नाही. मी बैठकांमध्ये बायकांच्या हक्कांवर तासतासभर बोलते. त्या दिवशी मी "बरं" म्हटलं आणि परत येऊन पुढच्या रांगेत उभी राहिले. मला भीती वाटली. लग्नघर आहे, मावशींचे दीर-जाऊ बसलेत, कशाला उगाच.

उठल्या त्या आमच्या गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी. वय सत्तरीच्या पुढं. त्याही विधवाच, चाळीस वर्षांपासून. त्या आत गेल्या आणि मावशींना मनगटाला धरून बाहेर घेऊन आल्या. हळदीच्या ताटात हात बुडवला आणि मावशींच्या दोन्ही गालांवर ओढला. मग स्पीकर लावणाऱ्या पोराला म्हणाल्या, "ए, ते कोंबडीचं लाव." आजींना एवढंच एक गाणं नावानं ठाऊक.

मावशी नाचल्या. पूर्ण गाणं नाही. एक कडवं असेल. आधी नुसत्या उभ्या, मग आजींनी हात पंखांसारखे केले तसे त्यांनीही केले, मग नवरी येऊन गळ्यातच पडली आणि तिघी गोल फिरल्या. मग मावशी पायरीवर बसल्या आणि पदरानं तोंड पुसलं. हळद पुसली नाही, फक्त डोळे.

गोष्ट इथं संपली असती तर सिनेमा झाला असता. मोठ्या जाऊबाई उठून घरी गेल्या. कन्यादान दीर आणि जाऊ करणार असं ठरलेलं होतं, कारण आपल्याकडे त्याला जोडपं लागतं. रात्री अकराला निरोप आला, आम्ही येणार नाही, ज्यांनी नाचवलं त्यांनीच करावं कन्यादान. आम्ही पाच-सहा जणी रात्री दीड वाजेपर्यंत मावशींकडे बसलो होतो. मुलगी म्हणाली, आईच करेल. मावशी म्हणाल्या, नको, सासरच्यांसमोर नको, पहिलाच दिवस आहे. पहाटे मी आणि आजी दिरांच्या घरी गेलो. मी काय बोलले ते मला आठवतही नाही. आजींनी फक्त एवढं सांगितलं की मी हात धरून ओढलं, तिचा दोष नाही, शिव्या मला द्या. दीर आले. कन्यादान झालं. जाऊबाई आल्या, बसल्या, पण मावशींशी जवळजवळ वर्षभर बोलल्या नाहीत. आता बोलतात, कामापुरतं.

काही महिन्यांनी मी मावशींना विचारलं, वाईट वाटतं का? त्या म्हणाल्या, "जाऊचं वाटतं. नाचल्याचं नाही." आणि मग हसून, "भात खरंच गॅसवर होता हं." अजूनही त्या हेच म्हणतात.

तुमच्यापैकी कोल्हापूरकडच्या बायकांना हेरवाड माहीत असेल. शिरोळ तालुक्यातलं गाव. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा वारला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही असं करायला सांगितलं. त्यानंतर कितीतरी गावांनी ठराव केले. तुमच्या गावात झाला असेल तर तो कागद काढून वाचा, आणि झाला नसेल तर ग्रामसभेत विषय मांडता येतो. महिलांची ग्रामसभा असते, तिथं आधी बोला. शहरात आम्हाला ग्रामसभा नाही. आमच्याकडे चाळ कमिटी असते आणि तिथं पाण्याच्या टाकीशिवाय दुसरा विषय निघत नाही, म्हणून मला तुमचा जरा हेवा वाटतो.

पण ठरावात हळदीत नाचण्याबद्दल काही लिहिता येत नाही. कागदावर लिहून कुणी नाचत नाही. तिथं आजीच लागतात, आणि नुसता हात धरून चालत नाही, गाणंही असं लागतं की ज्यावर पाय आपोआप हलतो.

दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगते, नाहीतर माझ्या गटातल्या बायका म्हणतील ताई नुसत्याच गाण्यात रमल्या.

एक म्हणजे स्पीकर. हळदीसाठी कर्ज काढून भिंतीएवढे स्पीकर लावू नका. आमच्याकडे एका रात्रीच्या भाड्यात महिन्याचं रेशन येईल एवढे पैसे जातात आणि छातीत धडधड होऊन म्हातारी माणसं आत जाऊन बसतात. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्यानं बंदी आहे, हे नियम २००० सालापासून आहेत. सणांसाठी सरकार वर्षातले मोजके दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देतं, पण आपल्या घरची हळद त्यात येत नाही. आमच्या दोन गटांनी मिळून एक मध्यम स्पीकर विकत घेतलाय. गटातल्या घरी कार्य असलं की पाचशे रुपये भाडं, बाहेरच्यांना हजार. पैसे निघून कधीच आले, आता तो गटाचा फायदा आहे. कोंबडी त्यावरही तेवढीच पळते.

दुसरी गोष्ट पैशाचीच, पण गाणाऱ्यांच्या. आमच्या बैठकीत एकीनं विचारलं, हे गाणं गल्लीगल्लीत वाजतं, त्या बाईला प्रत्येक वेळी पैसे मिळत असतील ना? गल्लीतल्या हळदीचे कुणी मोजत नाही. पण रेडिओ, टीव्ही, मोठे कार्यक्रम यांचे मोजले जातात. पूर्वी गीतकार, संगीतकार, गायक यांना कामाचे एकरकमी पैसे मिळायचे आणि गाणं कंपनीचं व्हायचं. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात बदल झाला आणि त्यांचा पुढच्या कमाईतला वाटा कायद्यानं मान्य झाला. पुढच्या वर्षी गायक-गायिकांनी त्यासाठी आपली संघटनाही काढली. मी हे सांगितल्यावर मसाला करणाऱ्या आमच्या ताई लगेच म्हणाल्या, "म्हणजे माझा मसाला व्यापारी स्वतःच्या पाकिटात भरून विकतो तसं होतं त्यांचं." अगदी तसंच. त्यावरून आमची बैठक पाकिटावर गटाचं नाव छापण्याकडे गेली आणि गाणी राहून गेली. ते नाव छापायचं काम अजून चालू आहे, त्यावर पुन्हा कधी बोलेन.

आणि आई? तिला आता साठ पूर्ण झाली. मी तिला विचारलं, रेडिओवर तुझी थोबाडीत सांगू का? म्हणाली, सांग की. मग म्हणाली, "तेव्हा मारलं ते बरोबरच होतं. दाजींकडे बोट दाखवतात का?" म्हणजे नाचल्याबद्दल नव्हतंच, बोट दाखवल्याबद्दल होतं, असं तिचं आता म्हणणं आहे. मी काही वाद घातला नाही. गेल्या गौरीला गावी फुगड्या झाल्यावर पोरींनी मोबाइलवर 'दाजीबा' लावलं, तेव्हा ती खांबाला टेकून बसली होती आणि तिचा पाय ठेका धरत होता. दाजी आता नाहीत. मावशी मात्र शेजारीच बसली होती, आणि तिचाही.

येत्या ८ मार्चच्या कार्यक्रमाची यादी आमच्याकडे तयार होतेय. मावशींच्या गटानं नाव दिलंय, नाच आठ जणींचा, त्यात तिघी विधवा. गाणं अजून ठरलेलं नाही. आजींचं म्हणणं कोंबडी, बाकीच्यांचं म्हणणं की आजी, दहा वर्षं तेच चाललंय, आता गुलाबाची कळी घेऊ या. शुक्रवारच्या बैठकीत मतदान आहे.